तिसरा रकाना

तिसऱ्या वर्षीही पानं गळाली, रान उघडं पडलं, आणि वहिनीचा कोयता खुंटीवरच राहिला.

एरवी या दिवसांत तिला डोकं खाजवायला फुरसत नसायची. पानगळ झाल्यापासून नवी कळी फुगेपर्यंत जेमतेम अडीच महिने. तेवढ्यात वर्षभराचा माल रानातून आणायचा. फावड्याचे दांडे, कुदळीचे दांडे, शिड्यांचे उभे वासे, वेलींना आधार द्यायच्या काठ्या. घरामागच्या लांब पडवीत नणंद घोडीवर बसायची. घोडी म्हणजे लाकूड पायाने दाबून धरायची बैठक. तिच्यावर बसून दोन मुठींच्या सुरीने ती एकेक काठी अशी सोलायची की दांडा तळहाताला लोण्यासारखा लागावा. "आमच्या वन्सं दिवसभर घोडीवर असतात, पण पोचत कुठेच नाहीत," असं वहिनी म्हणायची, आणि नणंद तिच्या अंगावर मूठभर साली फेकायची. आता घोडीवर मांजर झोपत होतं.

झालं काय होतं, तर सरकारने रानात तोडबंदी केली होती. बरं, कारण काही वाईट नव्हतं. लांबच्या मोठ्या जंगलात ट्रकच्या ट्रक भरून झाडं जात होती, डोंगर बोडके झाले होते. वर कुणाला तरी जाग आली आणि हुकूम निघाला: यापुढे तोड नाही म्हणजे नाही. हुकूम काढणाऱ्याने नकाशावर सगळं एकाच हिरव्या रंगात पाहिलेलं. त्यात वहिनीचं हे रानही आलं.

या रानाची तऱ्हा वेगळी. इथे झाडाला एक खोड नसतं. जमिनीलगत रुंद, गाठाळ गड्डा, आणि त्यातून वर गेलेले दहा-पंधरा सरळसोट फुटवे. दर सात वर्षांनी ते सगळे वीतभर उंचीवर, तिरक्या घावाने उतरवायचे. तिरका अशासाठी की पाणी साचू नये आणि गड्डा कुजू नये. पुढच्या हंगामात पुन्हा नवे फुटतात. याला इथली माणसं भादरणं म्हणतात. आपण डोकं भादरून येतो ना, तसंच. दर वर्षी रानाचा एक सातवा भाग भादरायचा, आठव्या वर्षी परत पहिल्यावर. वहिनीच्या सासऱ्यांनी हे केलं, त्यांच्या आईने केलं, तिच्याही आधी कुणी कुणी केलं.

त्या तिसऱ्या हंगामात वहिनीने एकदा मात्र मन घट्ट करून चार काठ्या काढल्या. शेजाऱ्याच्या फावड्याचा दांडा मोडला होता, नाही म्हणवेना. वाटेतच रखवालदार भेटला. तोही गावातलाच, लहानपणी याच पडवीत खेळलेला, पण आता अंगात गणवेश होता.

चौकीबाहेरच्या बाकावर त्याने तिला सकाळपासून दुपारपर्यंत बसवून ठेवलं. येणारा-जाणारा बघत होता. कुणी मान खाली घालून गेलं, कुणी मुद्दाम थांबून "काय वहिनी, इकडे कशा?" म्हणालं. शेवटी त्याने फॉर्म काढला.

"किती झाडं तोडली?"

"एकही नाही."

"चार काठ्या समोर पडल्यात, वहिनी."

"काठ्या आहेत. झाड जिथल्या तिथे आहे. चल, दाखवते."

"मला चालायला सांगू नका, लिहायला सांगा. इथे दोनच रकाने आहेत. 'तोड केली', 'तोड केली नाही'. काठ्या तर दिसतायत. मी काय करू?" आणि त्याने लिहिलं: चार झाडे तोडली. खाली तिची सही घेतली.

वहिनी घरी आली. हात धुतले, परत धुतले. 'चार झाडं तोडणारी बाई.' आजवर तिला कुणी आळशी म्हटलं असतं तरी चाललं असतं, तोंडाळ तर सगळेच म्हणायचे, पण हे नाव तिच्या जिव्हारी लागलं.

त्याच आठवड्यात नवरा सुट्टीला आला. बंदी आल्यापासून तो शहरात एका गोदामात खोकी चढवायला जात होता. त्याच्या तळव्यांची कातडी बदलली होती, पाठ वाकवताना तो भिंतीला हात लावत होता. जेवताना म्हणाला, "या वर्षी कळी फुटेपर्यंत वाट बघू. बंदी नाही उठली तर पडवीला कुलूप. दोन खोल्या बघून ठेवल्यात. आबांना घेऊन सगळेच चला."

आबा म्हणजे वहिनीचे सासरे. त्यांनी ताटातला हात काढला आणि तोंड भिंतीकडे केलं. त्यांच्यासाठी तो उत्तराचाच प्रकार होता.

"आणि तिकडे आबा काय करतील?" नणंदेने विचारलं.

"बसतील."

"आबा? बसतील?" नणंद हसायला गेली, पण डोळे भरून आले.

आता या गोष्टीत मोजणीबाई येतात. संशोधन केंद्राच्या त्या शास्त्रज्ञ. खरं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण आठ वर्षं त्या या रानात येऊन जे दिसेल ते मोजत होत्या, म्हणून मोजणीबाई. त्यांनी रानाचे वीस पट्टे आखले होते. काही वेळेवर भादरायचे, काही उशिरा, काही मुळीच नाही. बंदीतून तेवढे पट्टे त्यांनी खास परवानगीने सोडवून घेतले होते, पण त्यांतून घर चालेल एवढं काम निघत नव्हतं. गड्डे, फुटवे, जमिनीवरची फुलं, फुलांवरची फुलपाखरं, घरटी, सगळं वहीत. फितीचं दुसरं टोक धरायला वहिनी. पहिल्या वर्षी बाई आकडा सांगायच्या आणि वहिनी ऐकायची. तिसऱ्या वर्षापासून वहिनी आकडा सांगायची आणि बाई लिहायच्या.

बाईंनी या सगळ्याचा जाडजूड अहवाल करून राजधानीत धाडला होता. दोनदा. दोन्हीदा परत आला. वर एकच ओळ: तोडीस उत्तेजन देणाऱ्या शिफारशींचा विचार करता येत नाही.

"तिसऱ्यांदा अर्ज केला, तेव्हा कुठे बोलावलंय," एका सकाळी बाई पडवीत येऊन म्हणाल्या. "समितीपुढे दहा मिनिटं. मला तुमच्यापुढे वाचून बघायचंय. जिथे कळणार नाही तिथे थांबवा."

बाईंनी वाचायला सुरुवात केली. नणंदेने पहिल्या दोन पानांत चार जांभया दिल्या. आबांनी डोळे मिटले. पाचव्या पानावर त्यांनी एक डोळा उघडला.

"हे कुठल्या जंगलाबद्दल आहे?"

"आबा! आपल्याच."

"असं होय," आबा म्हणाले आणि डोळा मिटून घेतला.

बाईंचा चेहरा पडला. पण वहिनी मात्र जागी होती, आणि तिच्या नाकपुड्या फुगल्या होत्या. बाईंना वाटलं हिला कंटाळा आला. कंटाळा कसला, ती बोटांवर मोजत होती.

"बाई, थांबा. 'तोड' किती वेळा आलं?"

"म्हणजे?"

"मी अकरापर्यंत मोजलं, अजून निम्मं राहिलंय. 'आवर्तनी तोड', 'तोडीनंतरची घनता', 'तोड-पट्टा क्रमांक सहा'. सहा नंबरचा पट्टा कुणी भादरला? मी! आठ वर्षं तुमच्याबरोबर फीत धरली, आणि तुम्ही माझ्या नावाने तिकडे लिहून पाठवलंत की मी झाडं तोडते?"

"वहिनी, तसं नाही. तो शास्त्रातला शब्द आहे. सरकारी तक्त्यातही दोनच रकाने आहेत, तोड आणि संरक्षण. मला कुठेतरी आकडे भरायलाच लागतात."

"तो रखवालदारही हेच म्हणाला!" वहिनी उठलीच. "तो शिकला नाही, त्याचं सोडा. तुम्ही एवढ्या शिकलेल्या! तुम्ही त्यांना सांगताय, साहेब, झाडं तोडली की झाडं वाढतात. मी साहेब असते तर मीही तुम्हाला दारातून हाकललं असतं."

मांजर उठून गेलं. बाईंनी चष्मा काढून पुसला. नणंदेने वहिनीला चिमटा काढला, की जरा जपून.

"बरोबर आहे," बाई शेवटी म्हणाल्या. "दोनदा परत आला तेव्हा मी म्हटलं, आकडे कमी पडले. म्हणून आणखी आकडे घातले." मग त्या स्वतःशीच हसल्या. "एकशे चाळीस पानं झाली, वहिनी. आणि नडला एक शब्द."

"मग तिसरा रकाना काढा. दोनाच्या शेजारी तिसरा. कागदावर जागा नाही का?"

त्या दिवशी अहवाल परत लिहायला घेतला. लिहिणार बाई, बोलणार वहिनी, मधे मधे दुरुस्त करणार आबा. भादरणं म्हणजे नक्की काय, हे सांगताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले. जे रोज हात करतात ते तोंडाने सांगायची कधी वेळच आली नव्हती. वहिनी म्हणायची, "जमिनीलगत." बाई विचारायच्या, "लगत म्हणजे किती?" वहिनी हात धरून दाखवायची. बाई त्या हाताला पट्टी लावायच्या. "कधी थांबायचं?" "कळी जागी व्हायला लागली की." "म्हणजे कुठली तारीख?" "तारीख कळीला विचारा!" आबा खेकसले. बाईंनी तेही लिहून घेतलं. दोन दिवसांत एक पान झालं. एकशे चाळीस पानं त्याच्यामागे जोडली, ज्याला हवी त्याने वाचावीत. पानाची सुरुवात वहिनीने सांगितली तशीच ठेवली: 'आमच्या रानातल्या वीस पट्ट्यांत आठ वर्षांत एकही झाड तोडलेलं नाही, आणि त्यांतून सातशे दांडे निघाले.'

आता योग बघा. समितीच्या बैठकीआधी कागद राजधानीत पोचले, आणि तिथल्या वनसचिवांना ते वाक्य छपाईची चूक वाटलं. त्यांनी बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, "चूक नाही, साहेब. दहा मिनिटांत सांगता येणार नाही, पण इथे आलात तर पाच मिनिटांत दिसेल." फोन ठेवल्यावर त्यांनी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला. आपण वनसचिवांना असं बोललो!

आणि साहेब आले. दोन गाड्या, सचिव, त्यांचे उपसचिव, आणि पुढे धावत गणवेशाची बटणं लावणारा रखवालदार. सचिव ठेंगणे, गुटगुटीत, टोपी घातलेले. उपसचिव उंच, हातात फाईल, चेहरा असा की चिखलाने मुद्दामच त्यांच्या बुटाला धरलंय. नवराही रजा टाकून आला होता आणि मागे हाताची घडी घालून उभा होता. अजून बारा-तेरा दिवसांत कळ्या जाग्या होणार होत्या. जे व्हायचं ते आत्ता, नाही तर पडवीला कुलूप.

सहा नंबरच्या पट्ट्यात बाईंनी बोलायला तोंड उघडलं आणि सवयीने म्हणाल्या, "आवर्तनी..." मग थांबल्या. वहिनीला कोपराने ढकललं. "तुम्ही सांगा."

"मी?" वहिनी एक पाऊल मागे सरकली. पण समोर तिचाच गड्डा होता. ती खाली बसली, हाताने पाचोळा बाजूला केला. "साहेब, या झाडाचं वय किती असेल?"

सचिवांनी वरच्या फुटव्यांकडे पाहिलं. मनगटाएवढे जाड. "सहा? सात?"

"ते केस झाले. मी डोक्याचं विचारते."

तिने पाचोळा आणखी सारला. गड्डा दिसत गेला. सारत सारत ती गुडघ्यांवर फिरली आणि एवढा मोठा घेर निघाला की उपसचिवांना दोनदा मागे सरकावं लागलं. बाई म्हणाल्या, "गड्ड्याचा तुकडा आम्ही तपासलाय. दोनशे वर्षांच्या पुढे आहे. याच जातीचं न भादरलेलं झाड या जमिनीत ऐंशीच्या आसपास पडतं."

"दोनशे वर्षं तोडतायत, आणि झाड जिवंत आहे?" सचिव म्हणाले.

"तोडत नाही हो!" वहिनीचा आवाज चढला, आणि एकदा चढला की तिचं तिलाही भान नसायचं. "भादरतो! तुम्ही न्हाव्याकडे जाता ते मुंडकं उडवून घ्यायला जाता का? डोकं आपलं आपल्यापाशीच राहतं, केस उतरतात आणि परत येतात!"

सचिवांनी हळूच टोपी काढली. खाली चकचकीत टक्कल.

रखवालदाराने डोळे मिटून घेतले. नणंदेने तोंडात रुमाल कोंबला. वहिनीला वाटलं, आता जमीन पोटात घेईल तर बरं.

"सगळ्यांचे येत नाहीत, बाई," सचिव शांतपणे म्हणाले, आणि मग ते असे हसले की पोट हलायला लागलं. उपसचिवांनाही नाइलाजाने हसावं लागलं.

पण मोजणीबाई हसल्या नाहीत. त्या एकदम पुढे आल्या. "साहेब, हेच! हेच मला एकशे चाळीस पानांत सांगता आलं नाही. सगळ्यांचे येत नाहीत. सातव्या वर्षी भादरलं तर शंभरातले सत्याण्णव गड्डे परत फुटतात. तीन वर्षं उशीर केला की शंभरातले एकसष्ट. आणखी उशीर केला की निम्म्याहून कमी. फुटवे जाड होतात, वजनाने गड्डा फाटतो, आत पाणी जातं. खाली सावली दाटते, फुलं जातात, फुलांपाठोपाठ फुलपाखरं. बंदी आली त्या वर्षी ज्या भागाची पाळी होती तो भाग हा हंगाम हुकला की तीन वर्षं मागे पडेल. जंगल वाचवायला काढलेल्या हुकुमानेच हे जंगल टकलं होतंय."

आता कुणी हसलं नाही. सचिव बाईंच्या मागोमाग न भादरलेल्या पट्ट्यात गेले. मधोमध फाटलेला गड्डा बघितला, फटीत बोट घातलं. बोट काळं होऊन बाहेर आलं. ते त्यांनी रुमालाला पुसलं नाही, तसंच धरून ठेवलं.

"हे अहवालात आहे?"

"पान सत्त्याऐंशी, साहेब."

"सत्त्याऐंशी," सचिव म्हणाले आणि उपसचिवांकडे पाहिलं. उपसचिव फाईल चाळायला लागले.

"पण साहेब," उपसचिव म्हणाले, "नियमात तोड आणि संरक्षण एवढंच आहे. 'भादरणे' हा शब्द शासकीय भाषेत बसत नाही. जरा... न्हाव्याच्या दुकानातला वाटतो."

"शासन काय केस कापत नाही?" मागून आबा म्हणाले. ते काठी टेकत कधी येऊन उभे राहिले होते, कुणाला कळलं नव्हतं.

सचिवांनी टोपी परत घातली. "बसवा," ते उपसचिवांना म्हणाले. "आणि व्याख्या या बाईंना विचारून लिहा. मला विचारू नका, मला त्यातला अनुभव नाही."

गाड्या गेल्या. वहिनी तिथेच गड्ड्यावर बसून राहिली. नवरा जवळ आला. "साहेबाचं टक्कल काढलंस," तो म्हणाला. "काढलं नाही, निघालं," ती म्हणाली. मग दोघंही खो खो हसत सुटले, अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

हुकूम यायला चार दिवस लागले. सरकारी कागद चार दिवसांत येतो यावर आबांचा विश्वासच बसला नाही, त्यांनी तो उलटसुलट करून शिक्का बघितला. बाईंनी पडवीत उभं राहून वाचला. तोडबंदी कायम. तिच्याखाली नवं प्रकरण: भादरणी. 'भादरणी म्हणजे जिवंत गड्ड्यावरील सर्व फुटवे, जमिनीपासून एक वीत उंचीवर, पाणी वाहून जाईल अशा तिरक्या घावाने उतरविणे. भादरणी ही तोड नव्हे.' कलम दोन, सात वर्षांचं आवर्तन. कलम तीन, मागे पडलेले भाग आधी. कलम चार, कळी जागी होताना दिसताच काम थांबवणे. तारीख कळीवर अवलंबून राहील.

"काय म्हणाल्या? परत वाचा," आबा म्हणाले.

"भादरणी ही तोड नव्हे."

"ते नाही. ते कळीचं."

बाईंनी परत वाचलं. आबांनी भिंतीकडे तोंड केलं. या खेपेला त्यांचे खांदे हलत होते.

हे फक्त या रानापुरतं नव्हतं. देशात जिथे जिथे असं गड्ड्यांचं रान होतं, तिथल्या प्रत्येक चौकीत तो कागद गेला. त्या त्या चौकीतल्या फॉर्मवर तिसरा रकाना छापला गेला. वहिनीने कधी न पाहिलेल्या माणसांनी त्या दिवशी आपापले कोयते दगडावर घासले असतील. बाईंनी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं," आणि दुसरीकडे बघत नाक पुसलं.

मग काम. नवऱ्याने गोदामाला रामराम ठोकला. आठ दिवस घरातल्या कुणाची पाठ जमिनीला धड लागली नाही. पहाटे दंवात बोटं आखडायची, दुपारी अंगातून वाफ निघायची. वहिनी आणि नवरा भादरायचे, नणंद फुटवे निवडून जुड्या बांधायची, आबा प्रत्येक घावावर अंगठा फिरवून "हं" म्हणायचे. जिथे "हं" आलं नाही तिथे घाव परत. रखवालदार दिवसभर फॉर्म घेऊन मागे. किती गड्डे, किती उंची, सगळं तिसऱ्या रकान्यात. पहिल्या दिवशी तो नुसता लिहीत होता. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "वहिनी, तिरका म्हणजे किती तिरका?" तिने त्याच्या हातात कोयता दिला आणि दाखवलं. तिसऱ्या दिवसापासून त्याने गणवेशाच्या बाह्या दुमडल्या.

नवव्या दिवशी दुपारी सगळ्यात मागे पडलेल्या भागातली शेवटची ओळ उरली. चौदा गड्डे. ऊन चांगलं तापलं होतं, हवेतला गारवा मोडला होता. वहिनी पहिल्या गड्ड्याशी वाकली आणि तशीच थांबली. फुटव्याच्या टोकाला कळीचं टरफल सुटलं होतं. आत हिरवी रेघ, नखाएवढी.

तिने पुढचा गड्डा बघितला. त्याच्या पुढचा.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"जागी झाली."

"चौदाच तर आहेत," रखवालदार म्हणाला. त्याचा चेहरा घामाने भिजला होता आणि त्याला खरंच मनापासून तसं वाटत होतं. "उरकून टाका, वहिनी. मी काल उरकले असं लिहितो. एका दिवसाने काय होतंय? इथे बघायला कोण येणार आहे?"

वहिनीने कोयता कमरेला लावला आणि ताठ उभी राहिली. पाठीचा मणका कटकन वाजला. आठ-नऊ दिवसांचा सगळा शीण एकदम जाणवला, पण असं हलकं तिला तीन वर्षांत वाटलं नव्हतं.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "कलम चार आहे."

"अहो, कलम काय, ते वरच्या लोकांनी—"

"वरच्या लोकांनी नाही," वहिनी म्हणाली. "मी सांगितलंय ते. लिही, चौदा राहिले."

रखवालदाराने तिच्याकडे पाहिलं, कळीकडे पाहिलं, आणि फॉर्म गुडघ्यावर ठेवून लिहिलं.